मोठ्यानं बोल, आर्डिस

माझ्या बायकोनं एकोणतीस वर्षं अख्ख्या पंचक्रोशीचे जीव वाचवले आणि परीक्षेत नापास झाली. कारण काय, तर हातमोजे घातलेत हे ती बोलली नाही. घातले होते हो! निळे, मनगटाच्या वरपर्यंत ओढलेले, समोरच्या बाईला धडधडीत दिसत होते. पण तोंडानं बोलली नाही, म्हणून नापास.

माझं डोकंच फिरलं. मी त्या परीक्षक पोरीला म्हटलं, "बाई, तुला डोळे आहेत ना?"

ती शांतपणे म्हणाली, "आहेत, मिस्टर ट्वेट. पण उमेदवारानं प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून दाखवायची असते. हातमोजे घातले. जागा सुरक्षित आहे का. तसं कागदावर लिहिलंय."

आता मुळात हे झेंगट कुठून आलं ते सांगतो. आमचं हाल्ग्रिम म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडचं बर्फाळ खेडं, तिथली अँब्युलन्स आम्ही गावकरीच चालवतो. मी ऑर्लिन, गाडी हाकतो. बायको आर्डिस मागं पेशंटजवळ बसते. मागं बसायला राज्याचा परवाना लागतो आणि तसा परवाना असलेली गावात दोनच माणसं, एक आर्डिस आणि दुसरी पोस्टातली मार्लिस. त्यातलं एक जरी गळालं तरी राज्य गाडीचाच परवाना काढून घेतं. मग कुणाच्या छातीत कळ आली तर पन्नास मैलांवरून गाडी यायची वाट बघायची, आणि तीही रस्त्यावरचा बर्फ काढलेला असेल तर.

परवाना दर दोन वर्षांनी नवा करायचा असतो. त्यासाठी इतके इतके तास शिकलो म्हणून पुरावा पाठवायचा. आर्डिस शिकली होती, एक वर्ग चुकवला नव्हता. पण बाईसाहेबांनी ते तास लिहिले कुठं? रविवारी चर्चमध्ये वाटतात त्या पत्रकांच्या पाठीवर, स्तोत्रांच्या आकड्यांच्या शेजारी. तो गठ्ठा तिनं तसाच राजधानीला पाठवून दिला. तिथल्या लोकांनी तो मुकाट्यानं परत केला आणि सोबत पत्र धाडलं: एकतीस मार्चच्या आत आमच्या परीक्षकासमोर प्रात्यक्षिक करून दाखवा. तीन संधी मिळतील. तिन्ही गेल्या तर परवाना गेला, मग पुन्हा पहिल्यापासून सहा महिन्यांचा वर्ग.

तर त्यातली पहिली संधी अशी हातमोज्यांत गेली.

खरं सांगायचं तर दोष त्या पोरीचाही नव्हता. आमच्या इकडची माणसं बोलतच नाहीत. गेल्या सुगीत एका शेतकऱ्याचा हात यंत्रात कोपरापर्यंत अडकला होता. आम्ही पोचलो तर हा बाबा म्हणतो, "बरंय. फार काही नाही. तुमची जेवणं झाली का?" आमच्याकडे 'बरंय' या एका शब्दात सगळं भागतं. मूल झालं, बरंय. गारपीट झाली, बरंय. आणि आर्डिस तर या मुक्यांतली महामुकी. मी तिला लग्नाचं विचारलं तेव्हा पिकअप चालवत होतो. हिनं नुसती मान हलवली. मी रस्त्याकडे बघत होतो, मला काय दिसणार? मी तीन मैल तोंड पाडून गाडी चालवली आणि मग धीर करून पुन्हा विचारलं तेव्हा कुठं कळलं की होकार मघाशीच मिळालाय.

अशा बाईला राज्य म्हणतं, मोठ्यानं बोल!

दुसरी संधी मार्चच्या सुरुवातीला. जागा तीच, फायर स्टेशनचा हॉल. तीच परीक्षक, टेसा कोस्टेलेकी तिचं नाव. वय असेल सव्वीस-सत्तावीस, दोन वेण्या, छातीशी परीक्षेचं पॅड आणि गळ्यात स्टॉपवॉच. खोटा पेशंट म्हणून धान्याच्या कोठारावरचा लोवेल जमिनीवर पसरला होता. त्याला पढवलं होतं, की छातीत दुखतंय असं म्हणायचं आणि विचारतील तेवढ्यालाच उत्तर द्यायचं.

आर्डिस आली. हातमोजे दाखवून बोलली. जागेचंही बोलली. मला वाटलं, जमलं! मग ती लोवेलजवळ गुडघ्यावर बसली. लोवेल कण्हला, "छातीत दुखतंय गं..."

आर्डिस म्हणाली, "दुखेल नाही तर काय. मंगळवारी मयताच्या जेवणाला तीन वेळा चीज-बटाट्याचा हॉटडिश वाढून घेतलास. वरून आंबट कोबी. मी बघत होते."

"अगं, मी खोटा पेशंट आहे," लोवेल कुजबुजला.

"पोट खरं आहे ना?"

टेसा म्हणाली, "मिसेस ट्वेट, पेशंटला नाव विचारा. वय, आधीचे आजार, औषधं..."

"लोवेलला नाव विचारू? त्याच्या आईच्या बाळंतपणाला माझी आई होती. मधुमेहाची गोळी सकाळी एक, रात्री एक. रात्रीची विसरतो."

झालं. दुसरी संधीही गेली. टेसानं कागदावर लाल खूण केली तेव्हा तिलाही वाईट वाटलेलं दिसत होतं. जाताना आर्डिसनं तिच्या हातात लिंबाच्या वड्यांचा डबा कोंबला. म्हणाली, "रस्त्यानं खा. बारीक झालीस." परीक्षकाला नापास करायची सोय असती तर हिनं तिला तब्येतीत नापास केली असती.

मग मीच कंबर कसली. परीक्षेत काय काय बोलायचं त्याचा कागद आणला, फ्रिजवर चिकटवला आणि बायकोला सांगितलं, "आता एकतीस तारखेपर्यंत या घरात कुणी गप्प बसायचं नाही."

"बरंय," आर्डिस म्हणाली.

"बरंय नाही! मोठ्यानं बोल. जे करशील ते बोल."

आणि एकदा तिनं मनावर घेतलं की घेतलं. चार आठवडे माझ्या घरात नुसता ओरडा. स्वैपाकघराच्या दारात उभी राहून ही विचारायची, "जागा सुरक्षित आहे का?" मी कॉफी पिता पिता म्हणायचो, "आहे, ये." मग कुठं आत यायची. "भांडी घासायचे हातमोजे घातले!" "पेशंट शुद्धीवर आहे!" हा पेशंट म्हणजे मी, पेपर वाचणारा. रविवारी पाद्रीबाबांनी हात पुढं केला तर त्यांना म्हणाली, "मी आर्डिस, मी तुम्हाला मदत करायला आलेय, हात लावू का?" पाद्रीबाबा तीन रविवार लांबूनच मान डोलवत होते.

सरावाला मात्र पेशंट म्हणून मी कधी झोपलो नाही. आमचा कुत्रा झोपायचा. लेफ्सा त्याचं नाव, चौदा वर्षांचा, त्याला एरवीही झोपायचंच असतं. आर्डिस त्याच्या पायाला धरून नाडी मोजायची, त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावायची. तो बिचारा शेपटी हलवायचा.

"तूच का नाही झोपत रे?" तिनं दोन-तीनदा विचारलं.

"माझी कंबर," मी म्हणायचो.

कंबर ठणठणीत होती. आता लपवून काय उपयोग, सांगून टाकतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की कापत होतो त्या दिवशी छातीत पहिल्यांदा काहीतरी फडफडलं. मग बर्फ उपसताना. मग गोठ्याच्या पायऱ्या चढताना. दोन मिनिटं बसलो की जायचं. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. डॉक्टरकडे गेलो नाही, बायकोला सांगितलं नाही. का? कारण गाडी हाकणाऱ्यालाही दरवर्षी एक कागद भरावा लागतो आणि त्यावर प्रश्न असतो, हृदयाचा काही त्रास? 'हो'वर खूण केली की गाडीची किल्ली परत. दुसरा ड्रायव्हर म्हणजे हार्लन, तो ऑक्टोबरात ॲरिझोनाला जाऊन उन्हात बसतो तो एप्रिलशिवाय उगवत नाही. म्हणजे अख्खा हिवाळा मी एकटा. मी बसलो तर गाडी बसली. म्हणून जानेवारीत त्या कागदावर मी 'नाही'वर खूण केली, सही ठोकली आणि पाकीट चिकटवून मार्लिसच्या पोस्टात टाकून आलो. तेव्हापासून बायकोला मनगट धरू दिलं नव्हतं. एकोणतीस वर्षं लोकांची मनगटं धरणारी बाई ती. तिच्या बोटांना फसवता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

अठ्ठावीस मार्चला सकाळी दहा वाजता तिसरी संधी होती. पेशंट म्हणून पाद्रीबाबा यायचे ठरले होते. साडेनऊला त्यांचा फोन आला, गाडी बर्फात रुतलीय, ट्रॅक्टर यायला दुपार होईल. लोवेलला टेसानं आधीच बाद केलं होतं, तो फार बोलतो म्हणून. मार्लिस पोस्ट सोडून हलू शकत नव्हती.

टेसानं हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "मिस्टर ट्वेट, तुम्ही झोपाल का?"

"माझी कंबर..." मी सुरू केलं.

आर्डिस म्हणाली, "ऑर्लिन, पेशंट नसेल तर परीक्षा होणार नाही. आज नाही झाली तर संपलं."

झोपलो. फरशी अशी गार होती की बर्फावर पडल्यासारखं वाटलं. टेसानं माझ्या कानात सांगितलं, "गोठ्यात काम करताना भोवळ येऊन पडलात. बाकी सगळं ठीक. हृदयाचा त्रास विचारला तर 'नाही' म्हणायचं."

मी म्हटलं, "ते मला जमतं."

घड्याळ चालू झालं. आर्डिस दारातून आत आली, आणि काय सांगू, माझाच ऊर भरून आला! छपरापर्यंत आवाज. "हातमोजे घातले! जागा सुरक्षित आहे का?"

"सुरक्षित आहे," टेसा म्हणाली.

"पेशंट एकच आहे का? मदतीला दुसरी गाडी लागेल का?" एकेक शब्द कसा टणटणीत. ती माझ्याशेजारी बसली. "मी आर्डिस ट्वेट, हाल्ग्रिम अँब्युलन्स. तुमचं नाव काय?"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विचारत होती. "ऑर्लिन ट्वेट," मी म्हणालो.

"वय?"

"अडुसष्ट."

"एकोणसत्तर," ती चटकन म्हणाली, मग जीभ चावली. टेसानं तिकडं लक्ष दिलं नाही असं दाखवलं.

"काय झालं?" "गोठ्यात भोवळ आली." "कधी?" "आत्ताच." "औषधं?" "नाहीत." "आधी कधी हृदयाचा त्रास?"

"नाही," मी छताकडे बघत म्हणालो.

सगळं कागदाबरहुकूम चाललं होतं. टेसाची पेन्सिल टिकटिक खुणा करत होती. मी मनात म्हटलं, आता फक्त नाडी. नाडी आली की आर्डिसनं 'नाडी बघते' म्हणायचं, टेसा कागदावरचा आकडा सांगणार, पुढं जायचं. दोन सेकंदांचं काम.

"नाडी बघते," आर्डिस म्हणाली, आणि तिची बोटं माझ्या मनगटावर आली.

"ऐंशी, नियमित," टेसानं सांगितलं.

आर्डिस काही बोलली नाही.

मला वाटलं, विसरली. पाच सेकंद. दहा सेकंद. मी ओठ न हलवता म्हणालो, "अगं, बोल. ऐंशी, नियमित."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी मनगट ओढायला बघितलं तर पक्कडीसारखं धरलेलं. टेसानं हळूच आठवण केली, "मिसेस ट्वेट, मोठ्यानं बोलायचंय. ऐंशी आहे."

"तुझ्या कागदावर असेल," आर्डिस म्हणाली. "माझ्या हातात एकशे छत्तीस आहे. आणि एकसारखी नाही. चार ठोके देते, एक गिळते."

"परीक्षेचं टेन्शन आहे मला," मी म्हणालो. "चल पुढं. पाच मिनिटं राहिलीत."

"कधीपासून?"

"काय कधीपासून? बरंय मी."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचे डोळे जीवघेण्या अपघातांत बघितलेत, बर्फाच्या वादळात बघितलेत. एवढे घाबरलेले कधी बघितले नव्हते. म्हणाली, "चार आठवडे मला सगळं मोठ्यानं बोलायला लावलंस. भांडी घासतानासुद्धा. कुत्र्याला निजवलंस पण स्वतः झोपला नाहीस. तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला. आता तू बोल. मोठ्यानं."

मी टेसाकडे बघितलं. ती राज्याची माणूस. तिच्यासमोर बोललो की माझी किल्ली गेली. आणि ही इथं थांबली की तिचा परवाना गेला. दोन्ही गेलं की गाडी गेली. मी खालच्या आवाजात म्हणालो, "आर्डिस, अगं पाच मिनिटं फक्त. आधी संपव. मग सांगतो सगळं, देवाशप्पथ."

ती उठून उभी राहिली. आणि त्याच परीक्षेच्या टणटणीत आवाजात, छपरापर्यंत पोचेल असं म्हणाली, "जागा सुरक्षित नाही. पेशंट खोटं बोलतोय. परीक्षा थांबवते."

मी डोळे मिटले. तिसरी संधी अशी गेली. आणि का कोण जाणे, छातीत फडफडत असताना, फरशीवर गारठत असताना मला एकदम हलकं वाटलं. मी म्हणालो, चांगलं मोठ्यानं म्हणालो, "थँक्सगिव्हिंगपासून. बर्फ उपसताना, पायऱ्या चढताना. या आठवड्यात रोज."

"रोज!" आर्डिस म्हणाली. "रोज, आणि तू मला गाडीत घालून हायवेनं फिरवतोयस!"

आता पंचाईत अशी की गाडी दारात आणि गाडी हाकणारा स्ट्रेचरवर. टेसानं पॅड खाली ठेवलं. म्हणाली, "किल्ली कुठाय? मला सगळ्या गाड्यांचा परवाना आहे."

पन्नास मैल. मागं मी, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, शेजारी आर्डिस. पुढं टेसा, आणि मधल्या खिडकीची काच उघडी. आमची गाडी जुनी, तिच्या ब्रेकला एक खोड आहे. मी मुखवटा बाजूला करून ओरडलो, "ब्रेक एकदम दाबू नको गं! दोनदा हळू, मग एकदा!"

"मुखवटा लाव," आर्डिस म्हणाली.

"पुलाजवळ डावीकडं ओढते ती..."

"ऑर्लिन ट्वेट, अजून एक शब्द बोललास तर मुखवट्यावरून चिकटपट्टी मारीन."

मला मोठ्यानं बोल म्हणून कोण सांगत होतं, ते काढायची ती वेळ नव्हती. गप्प बसलो.

ती मात्र बोलत होती. चार आठवड्यांची सवय तोंडाला लागलेली. एकेक गोष्ट करायची आणि मोठ्यानं सांगायची, "रक्तदाब घेते. एकशे अठ्ठावन्नावर शंभर. श्वास बावीस. ओठांचा रंग ठीक. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा. हात वर कर. दोन्ही उचलले." दर पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आवाज एकदाही हलला नाही. फक्त एकदा, नाडी मोजताना, आकडा सांगून झाल्यावर तिनं मनगट सोडलंच नाही. पुढचे दहा मैल तशीच धरून बसली.

इस्पितळातल्या डॉक्टरणीनं छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, सुई टोचली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, "हृदयाचा वरचा कप्पा नीट ठोका देत नाहीये. औषधानं आवाक्यात येईल. पण असं चालू राहिलं असतं तर रक्ताची गुठळी होऊन डोक्यात गेली असती. तुम्ही काय काम करता?"

"अँब्युलन्स चालवतो," मी म्हणालो.

तिनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. साठ मैलांच्या वेगानं, मागं पेशंट, पेशंटजवळ पट्टा न लावता उभी असलेली माझी बायको. ते चित्र मी चार महिने डोळ्यांसमोर येऊ दिलं नव्हतं. तिथं त्या पांढऱ्या चादरीवर पहिल्यांदा आलं आणि मला लाज वाटली. गाव वाचवतोय म्हणत होतो मी!

दुपारी टेसा आत आली. हातात दोन कागद. वेण्या सुटल्या होत्या, त्या ब्रेकचा प्रताप. पहिला कागद तिनं माझ्या पांघरुणावर ठेवला. जानेवारीतला माझाच, राजधानीहून मागवलेली प्रत. 'हृदयाचा त्रास: नाही', खाली माझी झोकदार सही.

"हा मी बदलू शकत नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच दुरुस्त करावा लागेल."

मी पेन घेतलं. 'नाही'वर काट मारली, 'हो'वर खूण केली. बावीस वर्षं चालवली होती ती गाडी. आर्डिस खिडकीबाहेर बघत होती, जाणूनबुजून.

"आणि हिचं?" मी विचारलं. "तिसरी संधीही गेली ना."

"त्याचंच सांगायला आलेय." टेसानं दुसरा कागद उलटला. "मिसेस ट्वेट परीक्षा थांबवते म्हणाल्या. पण थांबवायचा अधिकार परीक्षकाला असतो, उमेदवाराला नाही. मी घड्याळ थांबवलं नव्हतं. पुढं गाडीतही मी सगळं ऐकत होते. मग राजधानीला साहेबांना फोन केला. त्यांनी नियमांची चोपडी दोनदा वाचली. उमेदवारानं पेशंटला तपासून, मोठ्यानं बोलून, इस्पितळात सोपवायचं असं लिहिलंय. पेशंट खोटाच असला पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि खऱ्या पेशंटला वेळेची मर्यादा लावायची नाही, असंही ते म्हणाले."

आर्डिस वळली. "म्हणजे?"

"म्हणजे पास. फक्त एक शेरा लिहावा लागला."

शेरा मी वाचला. लिहिलं होतं, 'पेशंटशी वागताना भाषा थोडी कडक.'

"बरंय," आर्डिस म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "मला फार आनंद झाला!" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला.

हार्लनला फोन करून ॲरिझोनाहून बोलावून घेतलं. उन्हात भाजून तांबडालाल होऊन आला आणि उतरल्यापासून थंडीच्या नावानं बोटं मोडतोय. ब्रेक दोनदा हळू दाबायचा हे मी त्याला रोज सांगतो. तो रोज म्हणतो, "तू नाही सांगायचं, तू आता पेशंट."

परवाचीच गोष्ट. दुपारी जेवत होतो. आर्डिसच्या पट्ट्यावरचा अँब्युलन्सचा पेजर वाजला, पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी शिडीवरून पडलं होतं. मी सवयीनं अर्धा उठलो, पुन्हा बसलो. ती बूट चढवून दारापर्यंत गेली. बाहेर हार्लननं गाडी आणून उभी केली होती. ती दारातून परत आली, बूट न काढता, पुसलेल्या फरशीवरून. माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली.

पूर्ण मिनिटभर. गप्प.

"मोठ्यानं बोल," मी म्हणालो.

"बहात्तर. अजून अडखळतेय थोडी."

"आणि?"

हार्लननं हॉर्न वाजवला. तिनं मनगट सोडलं नाही. म्हणाली, "आणि मला बाहेर जाताना तुझी भीती वाटते, म्हाताऱ्या. तू असा बसलेला असशील ना मी परत येईपर्यंत, असं वाटतं. माझा जीव आहे तुझ्यावर."

त्रेचाळीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मी आ वासून बसलो. ती गेलीसुद्धा. लेफ्सानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हणालो, "माझाही." मग वाटलं, कुत्र्याला काय सांगतोयस, शहाण्या? तसाच उठलो, दार उघडलं आणि अंगणातल्या बर्फावरून ओरडलो, "आर्डिस! माझाही!"

ती गाडीत चढत होती. हार्लननं काच खाली केली. "काय म्हणतोय गं तो?"

"नाडी ठीक आहे म्हणतोय," आर्डिस म्हणाली, आणि तिनं डोळे पुसून हातमोजे चढवले.